फुगऱ्याचं मरण आणि ओझेलाचा शेरीफ

ओझेला पिंकनीला कुणी साप दाखवायला बोलावलं, की ती आधी ताक मागायची. घरात आरडाओरडा चाललेला, बायका पलंगावर चढलेल्या, घरधनी फावडं घेऊन दाराबाहेर उभा, म्हणजे सापापासून जास्तीत जास्त लांब राहून जितकं शूर दिसता येईल तितका शूर, आणि ही बाई ओसरीवर टेकून, ताकाचा पेला तोंडाला लावून विचारायची, "पळतोय का थांबलाय?"

"मावशी, आधी आत येऊन बघ तरी!"

"बघते की. पळतोय का थांबलाय?"

पळत असेल तर तिचं ताक सावकाश संपायचं. थांबला असेल तर पेला खाली ठेवून ती उठायची. जॉर्जियाच्या आमच्या त्या वाळवट भागात साप काही कमी नाहीत, आणि माणसं सगळ्यांना एकाच मापानं मोजतात: दिसला की ठेचा. ओझेलाचं माप वेगळं होतं. नाल्यातला साप असला तर ती विचारायची, पोहतो कसा? अख्खं अंग पाण्यावर तरंगवत, मान उंच करून, नवऱ्या मुलासारखा मिरवत येतो तो कापूसतोंड्या. त्यानं जबडा उघडला की आत कापसासारखं पांढरं, आणि चावला तर पाय गेला म्हणून समजा. नुसतं डोकं वर आणि बाकी अंग पाण्याखाली ठेवून घाईघाईनं जातो, तो गरीब मासेखाऊ. लोक मासेखाऊलाच जास्त मारतात, कारण तो पळतो. कापूसतोंड्या जागचा हलत नाही ना, मग माणसंच पळतात.

हे सगळं ती शिकली बापाकडून. बाप इफ्रेम पाइनच्या जंगलात झाडांना खाचा पाडून राळ गोळा करायचा, आणि ही पोर त्याचा जेवणाचा डबा घेऊन जायची. वाटेवर बापानं काहीतरी मांडून ठेवलेलं असायचं. कधी सापाची कात, कधी मारलेला साप वेटोळं घालून, अगदी जिवंत वाटेल असा. "कोण होता सांग," तो झाडामागून ओरडायचा. चुकली की परत जाताना राळेची बादली हिच्या डोक्यावर. बादली जड असते आणि राळ केसाला लागली की केस कापावे लागतात, त्यामुळे ओझेला लवकर शिकली. शाळेचं म्हणाल तर वाचायला येण्याआधीच शाळा सुटली. पण वाळूत उमटलेली सापाची वाट बघून तो जेवून चाललाय की जेवायला चाललाय, एवढं ती सांगायची.

तिचा नवरा क्लिओफस छातीच्या दुखण्यानं गेला, मुलं उत्तरेकडे डेट्रॉइटला कारखान्यात गेली. मग एक न्हावी तिला मागणी घालायला येऊ लागला, गिटार घेऊन. चांगला माणूस होता, पण उठायचं नाव घेत नसे. तिसऱ्या खेपेला ओझेलानं मक्याच्या भाकरीची टोपली म्हणून त्याच्यापुढे दुसरीच टोपली सरकवली. त्यानं फडकं उचललं. आत फुगऱ्या होता. गिटार आजही तिच्याकडे आहे.

फुगऱ्या म्हणजे कोण, हे इथं सांगायलाच हवं. बुटका, जाडजूड, डुकरासारखं वर वळलेलं नाक. डिवचला की मान नागासारखी पसरतो, फुत्कार टाकतो, अंगावर धावून येतो. आमच्याकडे लहान पोरालासुद्धा ठाऊक, की हा सगळ्यांत विषारी. चावायचीही गरज नाही, नुसता श्वास लागला तरी माणूस संपला. खरं बघाल तर तो धावून येतो तेही तोंड मिटून. सगळा आव. आणि आवानं भागलं नाही, तर त्याच्याकडे आणखी एक युक्ती असते. ती काय, हे त्या मुलखात एकट्या ओझेलाला माहीत होतं, आणि तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

आता शेरीफ. ओझेलाच्या अंगणात मक्याच्या कणसांची लाकडी कोठी होती. एकदा कणसं काढायला तिनं हात घातला आणि आत खुळखुळ्या, म्हणजे शेपटी वाजवून सावध करणारा जहरी साप, बसला होता. शेपटी वाजवायला त्याला सवड झाली नाही, थेट चावला. ओझेला महिनाभर अंथरुणाला खिळली आणि उठली तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं गळासारखी वाकडी झाली होती. पुढच्या वसंतात कोठीत एक राजसाप येऊन राहिला: काळाभोर, अंगावर पांढरी साखळी, हातभर नाही, चांगला पुरुषभर लांब. राजसाप माणसाला काही करत नाही. तो उंदीर खातो, आणि खुळखुळ्या भेटला तर त्यालाही डोक्याकडून गिळायला सुरुवात करतो. तो आल्यापासून त्या अंगणात एकही खुळखुळ्या फिरकला नाही. ओझेलानं त्याचं नाव शेरीफ, म्हणजे आमच्याकडचा पोलिसांचा मुख्य साहेब, असं ठेवलं. "आपल्या काळ्या लोकांच्या दारात येऊन काही भलं केलेला हा पहिलाच शेरीफ," ती म्हणायची. रोज सकाळी ती कोठीशी जाऊन "कसं काय, साहेब?" असं विचारायची, आणि मगच वाकड्या बोटांचा हात आत घालायची.

त्या उन्हाळ्यात पाऊस दडी मारून बसला. मक्याची पानं वळून विडीसारखी झाली, खेचरं सावली सोडीनात. मग कुंपणांवर साप दिसू लागले. मेलेला साप कुंपणावर उताणा टाकला, की आभाळाला त्याचं पांढरं पोट दिसतं आणि पाऊस येतो, हे आमच्याकडे आजीच्या आजीपासून चालत आलेलं. पाद्रीबाबा यावर काही बोलत नसत. त्यांचाही मका होता. बघता बघता सगळ्या वस्तीची कुंपणं वाळत घातलेल्या मोज्यांसारखी साप लेऊन बसली, आणि आभाळ मात्र कोरं.

बुधवारच्या प्रार्थनेनंतर डीकन लुशियस ब्रॉडनॅक्स उभा राहिला. डीकन म्हणजे चर्चचा कारभारी. पण लुशियस उभा राहिला की चर्च त्याचं आणि पाद्रीबाबा त्याचे नोकर असं वाटायचं. उंच, आवाज घंटेसारखा, उन्हाळ्यातही कोट. ओझेला आणि तो राळ काढणाऱ्यांच्या एकाच वस्तीत लहानाचे मोठे झालेले. तेव्हाही तो असाच होता, फक्त कोट नव्हता.

"बंधूंनो, भगिनींनो," तो म्हणाला, "आपण देवाला काय दाखवतोय? गांडुळं! हिरवी पिल्लं! मासेखाऊ! देव वरून बघतो आणि म्हणतो, या लोकांना पावसाची गरज दिसत नाही. मोठा साप पाहिजे. काळा पाहिजे. आणि तो कुठं आहे हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे."

सगळी डोकी ओझेलाकडे वळली. हातातले पंखे हलायचे थांबले.

"सिस्टर ओझेला," लुशियस गोड आवाजात म्हणाला, "तुझ्या कोठीत आहे."

"कोठीत मका आहे," ओझेला म्हणाली.

"मक्याबरोबर."

"तो बिनविषारी आहे, डीकन. आणि तो नसला तर माझ्या कोठीत काय येतं, ते माझ्या हाताला विचारा." तिनं वाकडी बोटं वर केली.

पण शेजारच्या बाकावरची सिस्टर पर्ली गॅस्किन (चर्चमध्ये सगळ्या बायका एकमेकींच्या सिस्टरच) हळूच म्हणाली, "ओझेला, माझा खालच्या अंगाचा मका गेला गं. वरचा तरी वाचू दे. एका सापाचं काय एवढं?" आणि पर्लीच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. ओझेलाला लुशियसशी भांडता आलं असतं, पर्लीशी कसं भांडणार? तिचा स्वतःचाही मका उभ्या उभ्या जळत होता. चर्चभर "खरंय, खरंय" सुरू झालं. रविवारी दुपारी सगळ्यांनी मिळून कोठी रिकामी करायची आणि शेरीफला चर्चच्या कुंपणावर टाकायचा, असं ठरत आलं.

ओझेला उठली. चेहरा असा गरीब केला, की तिला ओळखणारा माणूस सावध झाला असता.

"घ्या," ती म्हणाली. "देवाच्या कामाला मी कोण नाही म्हणणारी? माझ्या मनात आपलं एक येतं. बिनविषारी, माणसाळलेला साप मारण्यात कसली आली मर्दुमकी? म्हाताऱ्या बाईच्या अंगणातून काळा दोर उचलून आणायचा, आणि देवाला सांगायचं बघ आम्ही काय केलं! तुम्ही मागं सांगितलं होतंत ना डीकन, तरुणपणी तुम्ही फुगऱ्या मारला होतात म्हणून? नुसत्या काठीनं?"

लुशियसनं असं कधीतरी सांगितलं होतं. काय काय सांगितलं होतं ते त्यालाही आठवत नसे. "हो," तो जरा थांबून म्हणाला. "मोठा होता."

"अगं बाई," पर्ली म्हणाली. "श्वास लागला नाही तुम्हाला?"

"मी श्वास रोखला होता."

"मग झालं तर," ओझेला म्हणाली. "चर्चमागं भोपळ्याचा वेल आहे ना, तिथल्या वाळूत एक राहतो. बेडूक खायला सकाळी बाहेर येतो. तसला विषारी साप आमच्या डीकननी मारून उताणा टाकला, तर आभाळाची काय बिशाद! आणि नाहीच जमलं, तर माझी कोठी आहेच."

नाहीच जमलं तर! एवढ्या लोकांसमोर! लुशियसनं कोटाची बटणं लावली. "रविवारी, घंटेच्या आधी," तो म्हणाला. त्याचा आवाज घंटेसारखाच होता, फक्त आता जराशी चीर गेलेली.

रविवारी सकाळी ओझेला सगळ्यांच्या आधी निघाली. चांगली टोपी, चांगले बूट घालून ती चर्चमागच्या रानआलूच्या, म्हणजे रानटी आलुबुखाराच्या, झुडपात जाऊन बसली. काटे लागत होते, पण तिनं या जागेसाठी काटे सोसायचं ठरवलं होतं.

लुशियस आला. हातात काठी म्हणजे जवळपास झाडच होतं. भोपळ्याच्या वेलापासून तो इतका लांब उभा राहिला, की काठीनं वेलाचं शेवटचं पानच तेवढं हललं. पान हललं आणि फुगऱ्या बाहेर आला. त्यानं मान पसरली. त्यानं फुत्कार असा टाकला, की भट्टीचा भाता वाटावा. मग तो पुढं धावला.

"आई गं!" डीकन लुशियस ब्रॉडनॅक्स किंचाळला. हा आवाज घंटेसारखा नव्हता, पिपाणीसारखा होता. टोपी एकीकडे गेली, काठी दुसरीकडे. तो मागच्या मागं जाऊन वाळूत बसला आणि त्याचा बूट, काही इरादा नसताना, सापाच्या शेपटीला जरासा लागला.

फुगऱ्या मेला.

असा मेला, की बघत राहावं. आधी वळवळला, मग पिळवटला, तोंड आ वासलं, जीभ बाहेर लोंबली, ओठाला रक्त आलं, घाण सुटली, आणि शेवटी पोट वर करून पसरला तो हलेना. लुशियस कितीतरी वेळ बघत बसला. मग उठला, वाळू झटकली, टोपी घातली. इकडे तिकडे पाहिलं. कुणी नाही. तेव्हा कुठं त्यानं काठी उचलून सापाच्या शेजारच्या जमिनीवर एक जोरदार तडाखा हाणला, आणि मोठ्यानं म्हणाला, "घे!"

झुडपात ओझेलानं टोपीच्या फितीचा बोळा तोंडात कोंबला होता.

घंटेच्या वेळी चर्चच्या अंगणात गाड्या लागल्या होत्या आणि लोक कुंपणाला चिकटून उभे होते. वरच्या फळीवर फुगऱ्या उताणा, पांढरं पोट आभाळाकडे. त्याच्या पलीकडे लुशियस, एक हात कोटाच्या बटणावर.

"तो माझ्यावर आला," तो सांगत होता, "तेव्हा मी म्हटलं, सैताना, आज तुझी माझी गाठ आहे. एक पाऊल मागं सरलो नाही मी. एकच घाव! मानेवर! मान मोडल्याचा आवाज ऐकला मी."

"आमेन!" लोक म्हणाले.

फुगऱ्यानं डोकं किंचित उचललं, एवढी माणसं बघितली, आणि पुन्हा मेला. ओझेला सोडून कुणाच्या ते लक्षात आलं नाही. सगळे डीकनकडे बघत होते.

सगळं ठीक चाललं असतं, पण सिस्टर पर्ली नीटनेटकी बाई. तिला भिंतीवरची तसबीर वाकडी दिसली तर जेवण जात नसे. "डीकन," ती म्हणाली, "तो जरा कडेला कललाय. पोट सरळ वर पाहिजे. नाहीतर पाऊस त्या सॅव्हाना शहराकडच्या लोकांवर पडेल."

लुशियसनं काठीच्या टोकानं सापाला सरळ करायला ढकललं. साप फळीवरून घसरला आणि खाली वाळूत पडला. पडला तो पालथा, पोटावर, जिवंत साप पडतो तसा.

आता फुगऱ्याचं एक आहे. मेलेला साप उताणाच असतो, अशी त्याची पक्की समजूत. त्याला पालथा केला, की त्याला वाटतं आपलं मरण कुणाला पटणार नाही. तेव्हा मान मोडलेला, एका घावात गतप्राण झालेला तो फुगऱ्या सगळ्या मंडळीसमोर शांतपणे वळला, पोट वर केलं, जीभ पुन्हा बाहेर काढली आणि नीट मेला.

कुंपणाला चिकटलेले लोक एक पाऊल मागं सरकले.

"तो वळला," पर्ली म्हणाली.

लुशियसच्या कपाळावर घाम फुटला. मग त्याची नजर गर्दीतून फिरत फिरत ओझेलावर आली, आणि ओझेलाच्या टोपीत अडकलेल्या रानआलूच्या काटक्यांवर थांबली. ती टोपी तो बघत राहिला. चेहऱ्याचा रंग उतरत गेला.

ओझेलानं त्याला पुरेसं शिजू दिलं. मग ती पुढं आली.

"अगं, वळणारच," ती म्हणाली. "सूर्य मावळेपर्यंत साप पुरता मरत नाही, हे विसरलात का सगळे? डोकं तोडलं तरी शेपूट हलतं. नसा असतात त्या."

"हो, हो!" लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. प्रत्येकाच्या काकानं असा साप पाहिलेला होता.

"नसा," लुशियस म्हणाला. त्याचा आवाज अजून पिपाणीजवळच होता.

ओझेला त्याच्या अगदी शेजारी जाऊन उभी राहिली, साप बघायला वाकल्यासारखी. "लुशियस," ती ओठ न हलवता म्हणाली, "पुन्हा एकदा पालथा करून दाखव ना त्यांना. छान करतो तो."

"ओझेला, देवाची शपथ—"

"पुन्हा वळेल. कितीदाही वळेल. मग मी लोकांना सांगेन, 'आई गं' कोण ओरडलं होतं ते."

"काय पाहिजे तुला?"

"माझी कोठी."

"पण पाऊस... लोकांना काय सांगू?"

"तुला काय सांगायचं हे कुणी शिकवायला पाहिजे का? सांग काहीतरी. जन्मभर तेच करतोयस."

लुशियस सरळ झाला. त्यानं कोट खाली ओढला, छाती भरून घेतली, आणि आश्चर्य म्हणजे घंटा परत आली. "बंधूंनो, भगिनींनो!" तो गरजला. "मी या दुष्टाशी झुंजत होतो, तेव्हा एक वाणी मला म्हणाली, लुशियस! मी म्हटलं, बोल, प्रभू. वाणी म्हणाली, साप सगळे एक नसतात. जो माझ्या लेकरांच्या दाण्याची राखण करतो, जो खुळखुळ्याला गिळतो, तो काळा, साखळीचा, तो माझा सेवक आहे. त्याला जो हात लावील, त्याच्या शेतात तीन वर्षं—"

"सात," ओझेला पुटपुटली.

"सात वर्षं पाऊस पडणार नाही!"

"आमेन!" ओझेला इतक्या जोरात ओरडली, की चर्चच्या छपरावरचं कबूतर उडालं. मग सगळेच ओरडले. पर्लीनं डोळे पुसले आणि ओझेलाचा वाकडा हात हातात घेतला. "मला काय ठाऊक गं," ती म्हणाली. ओझेलाला तेवढं मात्र जरा लागलं, आणि तिनं पर्लीला त्या आठवड्यात कोठीतून दोन टोपल्या मका नेऊन दिला.

लोक आत गेले. ओझेलानं लुशियसला बाही धरून मागं ठेवलं. "आता याला पुरायला न्यायचं. हातानं."

"हातानं?"

"चावत नाही. कधीच चावत नाही. धर."

लुशियसनं फुगऱ्याला दोन बोटांत धरलं. साप त्याच्या रविवारच्या कोटावर लोंबत राहिला, जीभ बाहेर, आणि घाण म्हणजे काय विचारू नका. भोपळ्याच्या वेलाशी त्यानं तो वाळूत ठेवला. उताणा. दोघं बघत उभी राहिली.

"असा किती वेळ राहतो हा?" लुशियसनं विचारलं.

"कुणी बघतंय तोवर."

लुशियसनं यावर विचार केला. मग हळूच म्हणाला, "चल, आपण जाऊ या. दमला असेल."

पाऊस त्या आठवड्यात आला नाही, पुढच्यातही नाही. आला तेव्हा कुंपणावर एकही साप नव्हता, आणि श्रेय लुशियसनं घेतलं. घेऊ दे, ओझेलाला काय त्याचं. कोठीला मात्र पुढं कुणी हात लावला नाही. उलट, पानगळ लागल्यावर लुशियस एके सकाळी तिच्या फाटकाशी येऊन घुटमळू लागला. कोट नव्हता.

"सिस्टर ओझेला," तो कोठीकडे नजर ठेवून म्हणाला, "माझ्या कोठीत उंदीर फार झालेत गं. तो तुझा... तो प्रभूचा सेवक... दोन-चार दिवस पाठवतेस का?"

"शेरीफ काय माझ्या सांगण्यानं जातो?" ओझेला म्हणाली. "तू फक्त फावडं दारातून आत ठेव, आणि घरात आरडाओरडा करू नकोस. त्याला वाटलं तर येईल तो." मग तिनं फाटक उघडलं. "ये, ताक घे."